जोडखात्यांत गिऱ्हाईकाचं कार्ड फिरवू नका: या चुका टाळा

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतल्या चार दुकानदारांसाठी आम्ही एक वेबसाइट केली. साइट एक, पण गेटवेची (म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीची) खाती चौघांची वेगळी, आणि ही चूक माझीच. आठवडाभरात त्यातले एक काका ऑफिसात हजर. "आरं मर्दा, त्या पुण्याच्या बाईंनी शेजारच्याकडनं पायताण घेताना कार्ड सेव्ह केलंय नव्हं? मग माझ्याकडं घेताना परत नंबर कशाला विचारालंय? हिकडंबी दिसू दे की ते कार्ड."

काकांचा प्रश्न अगदी रास्त, आणि उत्तर "नाही". जोडखात्यांच्या, म्हणजे एका मुख्य खात्याला जोडलेल्या दुकानदारांच्या खात्यांच्या, बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात: वाटायचे असतात पैसे, आणि आपण वाटायला बसतो कार्ड.

एकाचं टोकन दुसऱ्याकडे चालवणं

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्डाचा पूर्ण नंबर फक्त कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, रुपे यांच्यासारखं नेटवर्क यांनाच साठवता येतो. दुकानदाराला नाही, गेटवेलाही नाही. हिशेब जुळवण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. "कार्ड सेव्ह करा" म्हटल्यावर साठतं ते टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक नंबर. हे टोकन कार्ड, टोकन मागणारी कंपनी आणि व्यापारी या तिघांना मिळून बांधलेलं असतं. व्यापारी बदलला की टोकन निरुपयोगी. शेजारच्या दुकानाचं टोकन काकांच्या खात्यावर लावलं तर व्यवहार फेटाळला जाणार, मग कोड कितीही वेळा तपासा. काकांना मी एवढंच सांगितलं की शेजाऱ्याच्या कुलपाची किल्ली तुमच्या दाराला लागत नाही.

यावरचा उपाय कोडमध्ये नाही, खात्यांच्या रचनेत आहे. चौघांनी मिळून एक मुख्य खातं घ्यायचं, गिऱ्हाईकानं तिथंच पैसे भरायचे, कार्डाचं टोकनही त्याच नावावर राहील, आणि ज्याचा त्याचा वाटा लिंक्ड अकाउंटवर, म्हणजे जोडखात्यावर, ट्रान्सफर करायचा. रेझरपे या गेटवेमध्ये या सोयीला रूट म्हणतात. बिल कोणाच्या नावानं, जीएसटी कोण भरणार, हे मात्र आधी सीएला विचारा. आम्ही नंतर विचारलं आणि अर्धं काम परत केलं.

ट्रान्सफरची रक्कम पैशांत लिहायची असते. 1,450 रुपयांसाठी 145000. तिथं 1450 लिहिलंत तर दुकानदाराला साडेचौदा रुपये जातात, आणि फोन तुम्हाला येतो.

नोट्समध्ये सगळंच कोंबणं

ट्रान्सफरसोबत नोट्स जोडता येतात, आणि त्यातल्या कुठल्या ओळी लिंक्ड अकाउंटवाल्याला त्याच्या डॅशबोर्डवर दिसाव्यात हे 'लिंक्ड अकाउंट नोट्स' या यादीतून ठरतं. आम्ही भाबडेपणानं नाव, मोबाइल, पत्ता सगळंच त्या यादीत टाकलं होतं. दुकानदाराला पायताणाचं माप आणि ऑर्डर नंबर पुरतो. पत्ता लागला तर तो ऑर्डरच्या पानावर आहेच. उलट तक्रारही येते: "मला गिऱ्हाईकाचं काहीच दिसत नाही." तेव्हा ती ओळ नोट्समध्ये आहे पण यादीत नाही, असं निघतं. दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखंच हवं.

रिफंड दिला, वाटा तिकडेच

माप चुकलं, पायताण परत आलं, गिऱ्हाईकाला 1,450 परत गेले. ते गेले मुख्य खात्यातून. दुकानदाराकडे पोहोचलेला वाटा आपोआप मागे फिरत नाही, तो वेगळा रिव्हर्स करावा, म्हणजे मागे घ्यावा लागतो. आधी रिव्हर्सल, मग रिफंड, असा क्रम ठेवा. परतीची मुदत संपेपर्यंत ट्रान्सफर होल्डवर ठेवता येते, तेही करा.

परदेशी क्लायंटचं काम असेल तर

राजारामपुरीत बसून अमेरिकेतल्या प्लॅटफॉर्मचा कोड लिहिणारे खूप आहेत. तिकडे स्ट्राइप कनेक्टवर (स्ट्राइप या परदेशी गेटवेच्या जोडखात्यांच्या सोयीवर) कार्डाची नक्कल, म्हणजे क्लोन, जोडखात्यात करता येते, आणि तिथंच 'असं पेमेंट मेथड अस्तित्वात नाही' अशी एरर डोकं खाते. कार्ड प्लॅटफॉर्मच्या खात्यातल्या 'कस्टमर' नोंदीला जोडलेलं आहे का, ते आधी पाहा. मग क्लोनची विनंती प्लॅटफॉर्मच्याच सीक्रेट कीनं (खात्याच्या गुप्त पासवर्डसारख्या किल्लीनं) पाठवा आणि स्ट्राइप-अकाउंट या हेडरमध्ये जोडखात्याचा आयडी द्या. हेडर विसरलात तर नक्कल प्लॅटफॉर्मवरच शोधली जाते. टेस्टची की आणि लाइव्हचा आयडी अशी खिचडी झाली तरी एरर हीच.

क्लोनला नवा आयडी मिळतो. जुनाच वापरत राहणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. शिवाय ही नक्कल एकदाच वापरण्यापुरती असते. पुन्हा लागणार असेल तर जोडखात्यावर कस्टमर तयार करून तिला त्याच्याशी जोडावं लागतं. गिऱ्हाईकानं मूळ कार्डात बदल केला तर तो नकलेत उतरत नाही, म्हणून काही जण दर व्यवहाराला ताजी नक्कल करतात, आणि मला तेच पटतं. हा सगळा उपद्व्याप फक्त डायरेक्ट चार्जसाठी, म्हणजे व्यवहार थेट जोडखात्यावर होतो तेव्हा. डेस्टिनेशन चार्ज असेल तर व्यवहार प्लॅटफॉर्मवरच होतो, तिथं क्लोनची गरजच नाही. दोन दिवस क्लोनशी झगडल्यावर हे कळणारे मी पाहिलेत. त्यातला एक मी.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीक्रेट की टाकणं किंवा कार्डाचा फोटो मागवणं, यावर वेगळं काय लिहायचं? की बाहेर गेली असेल तर डॅशबोर्डवरून ती लगेच बदला. सीव्हीव्ही तर पेमेंट मंजूर झाल्यावर कुठेच ठेवायचा नाही, वहीतसुद्धा.

लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, गेटवेला पाठवलेल्या प्रत्येक विनंतीसोबत कोणत्या खात्याचा आयडी वापरला ते लिहून ठेवा. गेटवेच्या सपोर्टला मेल करताना पेमेंट आयडी, ट्रान्सफर आयडी आणि वेळ द्या. कार्डाचे शेवटचे चार आकडे तिथं पुरतात.