नव्या नोकरीचा पहिला आठवडा

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत नवी नोकरी लागली असेल, तर रुजू होण्याआधी एकदा कामाच्याच वेळेला गाडी काढून गेटपर्यंत जाऊन या. द्वारका चौकात सकाळी किती वेळ जातो, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पहिल्याच दिवशी धापा टाकत पोचलं की दिवसभर मन थाऱ्यावर राहत नाही.

खिशात मावेल अशी छोटी वही मात्र हवीच. कामाचं लिहाच, पण आधी माणसं लिहा: नाव, कुठे बसतात, कोणता कागद त्यांच्याकडे असतो. मी स्टोअरमधल्या एका वयस्कर गृहस्थांचं आडनाव असंच टिपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला 'काका' जोडून हाक मारली, तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून मटेरियल स्लिप कशी भरायची ते रकान्यावर बोट ठेवून दाखवलं. तेव्हापासून तिथे परकं वाटलं नाही.

डबा एकट्याने मोबाइल बघत खाऊ नका. घरचा ठेचा थोडा जास्तच न्या.

शंका पहिल्या महिन्यातच विचारून घ्या, तेव्हा कुणाला खटकत नाही. सहा महिन्यांनी तेच विचारताना जीभ अडखळते.

आणि आधी नोकरी झाली असेल, तर पीएफचा जुना १२ अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, एचआरला लगेच द्या. चुकून दुसरा नंबर निघाला, तर जुने पैसे जोडून घेण्यासाठी नाहक खेटे घालावे लागतात.