बोलता बोलता थांबायचं कसं

नागपुरात, इंदोऱ्यात माझं शिवणाचं दुकान आहे. मे महिन्यातली लग्नसराई, कूलर गरम हवा फेकतोय, आणि नवरीच्या ब्लाउजचा मुंढा अर्धा इंच जास्त कापला गेलेला. गिऱ्हाइकांसमोर मी शिकाऊ मुलीवर ओरडले. ती हळूच म्हणाली, "ताई, वहीत तं तेवढंच हाय जी." वही पाहिली. अक्षर माझं होतं, तरी मी गप्प राहिले.

आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांची चौकट दुकानात टांगलेली आहे. 'मी खोटे बोलणार नाही' ही त्यातलीच एक. तिच्याखाली उभी राहून मी माझी चूक दुसरीच्या माथी मारली होती.

त्या रात्री मला विहारात ऐकलेला राहुलोवाद, म्हणजे राहुलाला केलेला उपदेश आठवला. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं हे 61वं सुत्त. बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तशीच प्रत्येक कृती पाहून करावी : आधी, करताना आणि केल्यावर. प्रश्न तिन्ही वेळी तोच. यानं मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होईल का?

आधीचं सोपं आहे. राग आला की हातातली वस्तू खाली ठेवा आणि खरं काय झालं ते तपासा. मी कात्री ठेवते, वही उघडते.

कठीण आहे ते मधलं. तोंड उघडलं की वाक्य पुरं करावंच लागतं असं आपण धरून चालतो. पण खडूच्या रेघेवरून कात्री सरकतेय हे कळल्यावर कोणी पुढे कापत जातं का? जिथे कळलं तिथे थांबलं तर उरलेलं कापड वाचतं. बोलण्याचंही तसंच करा. "तुला कितीदा सांगि..." इथे कळलं, तर इथेच थांबा. "थांब, मी चुकीचं बोलतेय," एवढंच म्हणा. पुढे 'पण' जोडू नका. मग जी शांतता होते ती अवघड असते, ती सोसा. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही दमलेली असले की सुटतं.

केल्यावर काय? सुत्तात एक बारीक फरक आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. देहानं किंवा वाणीनं चूक घडली तर ती गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला उघड सांगायची. नुसतं मनात वाईट आलं असेल तर त्याची लाज बाळगायची आणि पुढे जपायचं. तिथे कबुली सांगितलेली नाही. म्हणून मनातला सगळा राग समोरच्याच्या ओंजळीत टाकणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं मी मानत नाही. आणि काही खोट निघाली नाही, तर आनंदात राहायचं, हेही तिथेच आहे. ते विसरू नका.

मी माझी गोष्ट शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "ओरडलीस तेव्हा दुकानात कोण कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइकं आली तेव्हा मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "माप मीच चुकीचं लिहिलं होतं, हिची काही चूक नव्हती." मुलगी काही बोलली नाही. काखेत जोड लावत होती, तो तिनं पुरा केला आणि ब्लाउज माझ्याकडे तपासायला दिला.