घडीच्या कॅमेऱ्यावर बोली लावण्याआधी

बजेट ठरवा, वर्णन वाचा, हे सांगायला नको. पहिलं खरं काम लेन्सवरचं नाव वाचण्याचं. १९५० साली आलेला फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीचा बेसा टू घ्या. बॉडी तीच, पण कलर-स्कोपार लेन्स असेल तर एक भाव, कलर-हेलियार असेल तर त्याहून वरचा, आणि अपो-लँथार असेल तर कित्येक पटींनी जास्त, कारण ती फार थोड्या कॅमेऱ्यांवर बसली. अपो-लँथारच्या कड्यावर लाल, हिरवी, निळी अशी तीन रंगांची वर्तुळं असतात. ती फोटोत स्पष्ट दिसली पाहिजेत. वर्णनात नुसतं नाव लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका.

जुन्या लिलावांचे भाव काढताना अंदाजित किमतीकडे बघूच नका, हातोडा कितीवर पडला ते बघा. त्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की वेगळं, हेही बघा. नाहीतर तुलना फसते.

आता बेलोज, म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्यामधला, उजेड अडवणारा घड्यांचा भाता. मागच्या वेळी मी लेन्सची बुरशी विचारली, अंतर मोजणारा रेंजफाइंडर विचारला, चामड्यावरचे ओरखडेसुद्धा मोजले आणि बेलोजबद्दल चकार शब्द काढला नाही. फोटोत ते काळंभोर, कडक घडीचं दिसत होतं. घरी आणून अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरला, तर घड्यांच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून उजेडाचे बारीक ठिपके. पहिल्या रोलच्या प्रत्येक फ्रेमवर धुरकट पट्टे आले. त्या अवस्थेतल्या कॅमेऱ्यासाठी मी धडधाकट कॅमेऱ्याचा भाव मोजला होता.

म्हणून विक्रेत्याला लिहा: कॅमेरा पूर्ण उघडा, मागचं दार उघडा, खोलीत अंधार करा, टॉर्च आत फिरवा आणि बाहेरून चारही बाजूंचे फोटो पाठवा. कोपऱ्यांचे जवळून. दिवसाच्या उजेडातला फोटो चालणार नाही. 'बेलोज चांगले आहेत' हे उत्तरही चालणार नाही. बदललेले असतील तर तेही विचारा. फोटो काढायला नवे उत्तम, पण संग्राहक मूळच्या बेलोजचेच पैसे देतो. पन्नाशीच्या दशकातल्या आग्फा इझोलेट कॅमेऱ्यांबद्दल तर दोनदा विचारा, त्यांच्या बेलोजचे कोपरे बहुतेकदा फाटतात.

शटर: एक सेकंदाचा वेग अडकतो का, व्हिडिओ मागा. फिल्म: कोडॅकच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ६२० नंबरची फिल्म लागते, ती १९९५ मध्ये बंद झाली, त्यामुळे १२० नंबरची फिल्म ६२० च्या बारीक रिळावर गुंडाळावी लागेल. १९३८ चा सुपर सिक्स-२० सुद्धा त्यातलाच, पण तो संग्रहासाठीच घेतला जातो, तिथे फिल्मचं राहू द्या. पाठवणी, जकात, विमा: आधी विचारा.

टॉर्चचे फोटो बोली बंद व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत आले नाहीत, तर त्या कॅमेऱ्याचा नाद सोडा.