बेस गिटार: सूर काढण्याआधी तो थांबवायला शिका

गिटार सोडून बेसकडे वळणारे तारेच्या जाडीला घाबरतात. खरं घाबरायचं ते ती तार किती वेळ घुमत राहते याला. उघडी, म्हणजे बोटाने न दाबलेली, ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. इतक्या खालचे दोन सूर एकमेकांत मिसळले की सगळ्या गाण्याचा चिखल होतो, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की दोष बेसचा आहे. म्हणून पहिले तीन महिने ‘सूर कसा काढायचा’ यापेक्षा ‘कुठे बंद करायचा’ यावर घालवलेले चांगले.

आधी खरेदी उरकू. ठाण्यात किंवा वाशीत दुकानात शिरलात की भिंतभर गिटार आणि कोपऱ्यात दोन-तीन बेस असं चित्र असतं. मनासारखं नसेल तर सीएसएमटीला उतरून धोबी तलावच्या फुर्ताडोजपर्यंत एक फेरी मारा, पण हातात घेऊन न वाजवता घेऊ नका. यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझ जीएसआर २०० यांसारखा साधा चार तारांचा बेस सुरुवातीला पुरतो. दुकानात अँप लावून मागा आणि चारही तारांवर प्रत्येक फ्रेट (मानेवरच्या दोन आडव्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर, ती पट्टी म्हणजे फ्रेट-तार) एकेकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, दुकानदारही कंटाळतो, तरी करा. एकाच फ्रेटवर आवाज दबत असेल तर बहुधा त्याच्या पुढची फ्रेट-तार वर आलेली आहे, आणि ते साध्या सेटअपने, म्हणजे मान आणि तारांच्या उंचीच्या जुळवणीने, जात नाही. सगळीकडे थोडा बझ, म्हणजे तार फ्रेटला लागून होणारी झणझण, येत असेल तर मात्र घाबरू नका, तो सेटअपचा प्रश्न. वॉल्यूम-टोनची बटणं फिरवताना खरखर आली तर साफसफाईने बहुतेकदा जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटला तर दुरुस्ती लागणार हे गृहीत धरा.

हात लहान आहे, झेपेल का, हा प्रश्न हमखास येतो. नेहमीच्या बेसची तार नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा अंगावर अडकतात ती जागा) ३४ इंच असते. त्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर. ३० इंची शॉर्ट स्केलवर तेच साडेअकरा होतं. शाळकरी मुलांसाठी हा दीड सेंटिमीटर मोठा असतो. मोठ्या माणसाला सहसा गरज नसते, कारण खालच्या फ्रेट्सवर चार बोटं चार फ्रेट्सवर ताणून बसवायचीच नाहीत. पहिलं, दुसरं आणि करंगळी अशी तीन वापरायची, अनामिका करंगळीच्या मदतीला मागे ठेवायची, आणि तळहात थोडा सरकवायचा. पाचव्या फ्रेटनंतर अंतर कमी होतं, तिथे एका बोटाला एक फ्रेट आरामात जमतं.

नवा बेस घरी आणल्यावर सेटअपचे पैसे वेगळे ठेवा. स्वतः मोजायचं असेल तर पद्धत अशी: सूर लावून घ्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पात्यांनी) पाहा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. पाव फेरा द्या, पुन्हा सूर लावा, मोजा. रॉडचा नट जाम वाटला तर जोर लावू नका, कारण तो तुटला तर खर्च बेसच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. मग तारेची उंची बाराव्या फ्रेटवर मोजा: ई साधारण अडीच मिलिमीटर, जी दोन. इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर खरे लागतात का हे जुळवणं, सगळ्यात शेवटी, आणि नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला शिट्टीसारखा सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला तर पुढे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी इंटोनेशन आणि मग ट्रस रॉड, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीने नेक, म्हणजे बेसची मान, हलते. मे महिन्यात उत्तम बसवलेला बेस जुलैत बझ करू लागला तर तो बिघडला असं समजू नका, पुन्हा मोजा. ओल आलेल्या भिंतीला टांगू नका, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की तारा खालच्या बाजूनेही पुसा. तिथेच घाम साचून गंज धरतो. खोबरेल तेल लावायचा सल्ला कुणी दिलाच तर ऐकून सोडून द्या. तारा बदलताना .०४५ ते .१०५ इंच जाडीचा संच घ्या. जाड तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवून आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरची गुंडाळी आतल्या तारेवरून सरकते आणि कोरी तार मेल्यासारखी वाजते.

आता उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. बोटाने तार बाहेर ओढायची नाही, आत ढकलायची, म्हणजे ती छेडून बोट शेजारच्या जाड तारेवर टेकतं. हे टेकणं म्हणजेच निम्मं म्यूटिंग, नको त्या तारा गप्प ठेवणं. ई वाजवताना अंगठा पिकअपवर (तारांखालची आवाज पकडणारी चुंबकाची पट्टी). ए वाजवताना अंगठा ई तारेवर उतरतो. डी वाजवताना तो ए वर येतो आणि त्याची कड ई ला चिकटलेली राहते. जी वाजवताना अंगठा तिथेच ठेवा, डी तारेला जी छेडणारं बोटच गप्प करतं. जो अंगठा कायम पिकअपवर खिळलेला असतो, त्याच्या मागे ई आणि ए सतत गुणगुणत राहतात. एकट्याने वाजवताना लक्षात येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या मिनिटाला ऐकू येतं.

डाव्या हाताचं म्यूटिंग दोन बोटांनी. एकच बोट हलकं टेकवलं आणि ते नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर पडलं, तर तार बंद होण्याऐवजी हार्मोनिकची शिट्टी मारते. दाबताना बोट फ्रेट-तारेच्या लगेच मागे हवं. मध्यभागी दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तरी बझ येतो. आवाज हवा असेल तर अँप वाढवा, बोट नाही. जोरात ओढलेली जाड तार फ्रेटवर आपटते, आणि मग लोक चांगल्या सेटअपला नावं ठेवतात.

पहिला सराव मेट्रोनोम ६० वर: उघडी ए तार दोन ठोके वाजवा, दोन ठोके पूर्ण बंद. फोनवर रेकॉर्ड करा आणि सूर सुरू कुठे झाला ते नाही, संपला कुठे ते ऐका. तिसऱ्या ठोक्याला नेमका संपेपर्यंत पुढे जाऊ नका. वीस-वीस मिनिटं दिवसातून दोनदा. बोटाला फोड आला तर फोडू नका, एक दिवस थांबा. मनगटात किंवा कोपरात दुखलं तर त्या दिवशी बंदच. बहुतेकदा पट्टा फार सैल असतो आणि मनगट काटकोनात मोडलेलं असतं. बसल्यावर बेस जिथे असतो, उभं राहिल्यावरही तिथेच राहील इतका पट्टा आखूड करा. चार किलो वजन असतं, पट्टा तीन इंच रुंद घ्या.

ठाण्या-डोंबिवलीकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर ‘जी मेजर’ म्हणून कुणी सांगत नाही. गायिका म्हणते, “दादा, काळी पाच.” म्हणजे तिचा सा हार्मोनियमच्या पाचव्या काळी पट्टीवर. तेव्हा पट्ट्या पाठ हव्यात. पांढरी तीन म्हणजे उघडी ई, पांढरी सहा म्हणजे उघडी ए, पांढरी दोन म्हणजे उघडी डी, पांढरी पाच म्हणजे उघडी जी. काळी पाच ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर. आणि बेसवरची सगळ्यात उपयोगी गोष्ट: सा ज्या फ्रेटवर, त्याच फ्रेटवर शेजारच्या जाड तारेवर खालचा पंचम. वरचा सा बारीक तारांच्या बाजूला दोन तारा सोडून खाली नाही, तर दुसऱ्याच तारेवर, दोन फ्रेट पुढे. काळी पाचचा सा आणि खालचा पंचम एकाच बोटाने मिळतात, पण बोट दोन्ही तारांवर आडवं टाकून ठेवलं तर दोन्ही सूर एकत्र वाजतात. बोटाचा पेर एका तारेवरून दुसरीवर लोळवायचा, म्हणजे एक दबते तेव्हा दुसरी सुटून गप्प होते. एवढ्या एका हालचालीला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही.

गायक काळी एक किंवा काळी दोन सांगतात तेव्हा चार तारांच्या बेसवर तळाचा सा मिळत नाही, तो ई च्या खाली जातो. पाच तारांच्या बेसवर बी तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर तो मिळतो. कार्यक्रम करणारे पाच तारी घेतात ते यासाठी. नवशिक्याने मात्र चारवरच शिकावं, कारण गप्प ठेवायला एक तार कमी.

साथीत केहरवा आला की ड्रमपेक्षा डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या डाव्याकडे) कान द्या. धा गे ना ती, न क धि ना. यात डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला खुला घुमतो. सा पहिल्या मात्रेला लावा, दुसरी संपेपर्यंत धरा आणि तिसरीच्या ‘ना’ला बंद करा. सातव्या ‘धि’ला खालचा पंचम, आखूड. मधली जागा मोकळी सोडा. तिथे बेस भरला की डग्ग्याचा खुला-बंद फरक पुसला जातो आणि ठेका सपाट होतो. तबलजीला ते आवडत नाही, फक्त तो बोलून दाखवेलच असं नाही.

घरी सराव हेडफोनवर. खालचे सूर स्लॅबमधून सहज उतरतात, सोसायटीत तक्रार व्हायला दहा वॅटही पुरतात. ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा हाय-झी लिहिलेल्या इनपुटलाच केबल लावा, लाइन इनपुटला आवाज पातळ आणि मेलेला येतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ येतच नाही. आपण हळू वाजवतोय असं वाटून बोट आपोआप जोर लावतं आणि सवय बिघडते. गिटारच्या अँपमध्ये हळू आवाजात चालेल, मोठ्याने वाजवलं तर स्पीकरचा कोन फाटण्याची भीती. कीबोर्डचा अँप चालतो.

अँपमधून सतत ‘घूं’ येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, धोका आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज कधीकधी चुकीच्या सुरासारखा भासतो. जॅझ बेसवर (दोन पिकअप, प्रत्येकाचा वेगळा वॉल्यूम असलेला बेस) दोन्ही पिकअपचे वॉल्यूम पूर्ण उघडले की तो बराचसा जातो, एक कमी केला की परत येतो. गणपतीच्या मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर तारांना आणि माइकला एकाच वेळी हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहा. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवायचं नाही, कार्यक्रम कितीही उशिरा सुरू होवो.

प्रवासाचं थोडक्यात. बॅगेतला बेस जवळपास चार फूट होतो, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत खुंट्या आतल्या बाजूला ठेवा. ठाण्याचं घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह अशा एसी हॉलमध्ये बेस बॅगेतून काढून वीस मिनिटं ठेवा, मगच सूर लावा. डीआय बॉक्सला (बेस थेट हॉलच्या साउंडला जोडणारी डबी) जोडल्यावर घूं आला तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. साउंडचेक झाल्यावर बेसचा वॉल्यूम हलवू नका. कार्यक्रम संपला की साउंडवाल्याकडे बघा, चॅनल बंद केल्याची खूण मिळू द्या आणि मगच केबल ओढा. नाहीतर हॉलभर धाडकन आवाज होतो. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेला, बेस असेल तर केबल रात्रभर बेसमध्ये ठेवू नका, जॅक आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते.