क्रूझवरच्या बारमध्ये दुप्पट टिप जाऊ नये म्हणून

क्रूझवर बारच्या बिलात टिप बहुतेक वेळा आधीच धरलेली असते, आणि खाली रिकामी ओळ दिसली की आपण पुन्हा टिप लिहून मोकळे होतो.

1. सही करण्याआधी पावती वाचा. बऱ्याच मोठ्या कंपन्या प्रत्येक ड्रिंकवर 18 ते 20 टक्के 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आपोआप लावतात. म्हणजे 10 डॉलरचं ड्रिंक 18 टक्क्यांनी 11.80 ला पडतं. त्याखालची 'ॲडिशनल टिप'ची ओळ ऐच्छिक असते. द्यायची नसेल तर तिथे सरळ रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतः लिहा.

2. ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर ही टक्केवारी बहुधा पॅकेज घेतानाच वसूल झालेली असते. 'फुकट' मिळालेल्या पॅकेजवरही ती वेगळी लागू शकते, तेव्हा बुकिंगचा तपशील बघाच.

3. माणशी रोजची जी ग्रॅच्युइटी खात्यावर पडते ती मुख्यतः केबिन आणि डायनिंगच्या लोकांसाठी असते. बारची टिप त्यात धरू नका.

वर काही द्यावंसं वाटलं तर एक-दोन डॉलरच्या नोटा बरोबर ठेवा आणि थेट हातात द्या. रोज त्याच काउंटरवर बसणार असाल तर पहिल्याच संध्याकाळी दिलेल्या बरं. तुमचं ड्रिंक लक्षात राहतं, हा माझा स्वार्थी सल्ला.

मात्र नियम कंपनीगणिक बदलतात. काही महागड्या क्रूझवर टिप भाड्यातच असते, तिथे टक्केवारी लागतच नाही.