सुपरहिरोचा सिनेमा लेकरांना दाखवण्याआधी

पोस्टरवरचे रंगीत कपडे बघून ठरवू नका. 'डेडपूल'ही सुपरहिरोच, पण त्याला आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचं 'ए' प्रमाणपत्र होतं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्र बघा: यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ की ए. यूए म्हणजे पुढं लिहिलेल्या वयापेक्षा लहान लेकराला न्यायचं की नाही, हा निर्णय आईबापाचा. तिथं गेटवर कोणी अडवत नाही.

ट्रेलरवर भिस्त ठेवू नका, त्यात रक्त नि मारझोड छाटलेली असते. सिनेमा मोबाईलवर आला असेल तर लेकरं झोपल्यावर शेवटचा अर्धा तास एकट्यानं बघा. सगळ्यात भयानक मारामारी बहुतेक तिथंच असते. इमारती पडणं लेकरं पचवतात. हिरोच्या आईबापाचं मरण मात्र सहा-सात वर्षांच्याला रात्री झोपू देत नाही.

यवतमाळ-वर्ध्याला टॉकीजमध्ये नेणार असाल तर दुपारचा शो बरा. अडीच तासांचा सिनेमा, त्यात शेवटची एसटी! दाराजवळची खुर्ची घ्या, आवाजानं घाबरलं तर लगेच बाहेर नेता येतं.

घरी आल्यावर आठवडाभर लक्ष असू द्या. गळ्यात दुपट्टा बांधून गोठ्याच्या छपरावरून उडी मारायचा खेळ हमखास सुरू होतो. दुपट्टा आधी काढून घ्या, आणि विहिरीकडं एकटं फिरकू देऊ नका.