ओव्हरक्लॉक केलाय, पण पीसी टिकत नाही? व्होल्टेजच्या या चुका टाळा

ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला, की सिनेबेंच ही चाचणी अर्धा तास चालते, तापमान आटोक्यात असतं, स्कोअरही भारी येतो. आणि संध्याकाळी ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडे असताना पीसी काळा पडून आपोआप रीस्टार्ट होतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी बायोसमधल्या (मदरबोर्डच्या सेटिंग्जमधल्या) व्हीकोरकडे, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरना मिळणाऱ्या व्होल्टेजकडे जातो. दे अजून ०.०५ व्होल्ट! दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. फरक एवढाच की आता पंखेही ओरडायला लागलेले असतात.

पीसी कुठल्या क्षणी पडला यातच अर्धं निदान असतं. पूर्ण लोडवर पडला, लोड सुटताना पडला की रिकामा बसलेला असताना पडला, हे आधी बघायचं. तिन्हींची कारणं वेगळी, तिन्हींसाठी हात लावायची सेटिंग्जही वेगळी. हे न पाहता नुसतं व्होल्टेज वाढवत राहणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फ्रीक्वेन्सी तीच ठेवून १.२५ वरून १.३५ व्होल्टवर गेलात तरी खप साधारण १७ टक्के वाढतो. त्यात ४.६ चे ४.८ गिगाहर्ट्झ केले की २२ टक्क्यांच्या आसपास. जेमतेम चार टक्के वेगासाठी एवढी उष्णता कूलरच्या माथी मारायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

ऑटोवर सोडलेला व्हीकोर

मल्टिप्लायर (प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी ठरवणारा आकडा) हाताने वाढवायचा आणि व्हीकोर ऑटोवर ठेवायचा, हा फार लोकप्रिय प्रकार आहे. तुमची चिप चांगली निघाली की सुमार, हे मदरबोर्डला माहीत नसतं. म्हणून तो सुमार चिपही चालून जाईल इतकं व्होल्टेज देऊन मोकळा होतो. पीसी चालतो, पण गरजेपेक्षा बराच गरम. मल्टिप्लायरला हात लावलात तर व्होल्टेजचा आकडाही स्वतः द्या, आणि तो दुसऱ्याच्या पीसीवरून उचलू नका. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरना त्याच फ्रीक्वेन्सीसाठी वेगवेगळं व्होल्टेज लागतं.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांची चूक नेमकी उलटी असते. एचडब्ल्यूइन्फो हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर उघडलं, हलक्या कामात १.४ ते १.४५ व्होल्ट दिसले, आणि घाबरून व्हीकोर १.२५ ला फिक्स करून टाकला. खरं म्हणजे एक-दोन कोअर बूस्ट होताना (थोडा वेळ जास्त वेगाने धावताना) तेवढं व्होल्टेज घेणं हे त्या चिपचं नेहमीचं वागणं आहे. तेव्हा करंट कमी असतो. फिक्स करून सिंगल-कोअर बूस्ट मात्र हातचा जातो. पण याचा अर्थ असाही काढू नका की एका कोअरला १.४५ चालतं, म्हणजे सगळ्या कोअरना कायम १.४ चालेल. सगळे कोअर पूर्ण लोडवर असताना करंट कितीतरी जास्त असतो, आणि चिपचं आयुष्य तिथेच घटतं.

बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि मिळालेलं व्होल्टेज

बायोसमधला व्हीकोर हा लोड नसतानाचा आकडा आहे. लोड आला की करंट वाढतो आणि व्होल्टेज खाली येतं. याला व्हीड्रूप म्हणतात. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. समजा बोर्डची लोडलाइन, म्हणजे ही घट ठरवणारा रोध, १ मिलिओम आहे आणि प्रोसेसर १५० अँपिअर ओढतोय. म्हणजे ०.१५ व्होल्ट तिथेच गेले. तुम्ही १.३५ टाकलेत, प्रोसेसरला प्रत्यक्षात १.२० मिळतायत. म्हणून कुणी ‘१.३५ वर ५ गिगाहर्ट्झ स्थिर’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: बायोसमध्ये १.३५, की लोडवर १.३५? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही घट कमी करण्यासाठी लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी असतं. इथे दोन चुका होतात.

पहिली चूक पातळीच्या आकड्याची. असुसच्या बोर्डांवर पातळीचा आकडा जितका मोठा तितकं एलएलसी कडक. एमएसआय आणि अॅसरॉकवर उलट आहे, तिथे १ म्हणजे सगळ्यात कडक. गिगाबाइट तर आकड्यांऐवजी टर्बो, एक्स्ट्रीम अशी नावं वापरते. एका बोर्डसाठी लिहिलेलं ‘एलएलसी २ ठेवा’ दुसऱ्या बोर्डवर जसंच्या तसं केलंत, तर मवाळ सेटिंग करायला जाऊन जवळपास सगळ्यात कडक सेटिंग करून बसाल.

दुसरी चूक म्हणजे घट नकोच म्हणून सगळ्यात कडक पातळी लावणं. मॉनिटरिंगचा आलेख छान सपाट दिसतो आणि माणूस खूश होतो. पण लोड एकदम सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि लोड पुन्हा आदळतो तेव्हा क्षणभर खोल जातं. या घडामोडी मायक्रोसेकंदांच्या असतात. सेकंदाला एकदा वाचणारं सॉफ्टवेअर त्या दाखवूच शकत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. स्ट्रेस टेस्ट बंद करताक्षणी पीसी पडत असेल तर संशय इथेच घ्या. मधली पातळी ठेवा आणि लोडवर मिळणारं व्होल्टेज बघून बायोसमधला आकडा ठरवा.

वाचतानाही नेमकं काय वाचताय ते बघा. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने केलेली मागणी. मिळालेलं व्होल्टेज वेगळ्या ओळीत असतं. एएम४ सॉकेटच्या रायझनवर एसव्हीआय२ नावाची ओळ सहसा जास्त भरवशाची.

सगळ्या कोअरना उणे ३०

रायझन ५००० पासून खरी मजा बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे. चुकाही सगळ्यात जास्त इथेच होतात. प्रत्येक कोअरला तुम्ही उणे आकडा देता आणि तो कोअर त्याच फ्रीक्वेन्सीला कमी व्होल्टेज मागतो. एक पायरी म्हणजे ढोबळमानाने ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात, ती काही थोडीथोडकी नव्हे.

तरी लोक सरसकट उणे ३० लावतात, मल्टिकोअर टेस्ट पास होते आणि विषय संपला असं धरून चालतात. मल्टिकोअर टेस्टमध्ये कोअर आपल्या कमाल बूस्टपर्यंत पोचतच नाहीत. ते पोचतात पीसी जवळपास रिकामा असताना, एखादंच छोटं काम आलं की. म्हणून असे पीसी रेंडरला तासन्‌तास टिकतात आणि यूट्यूब बघताना पडतात. यावर व्हीकोर वाढवणं हा उपाय नाही. दोषी कोअर शोधायचा आणि त्याचा उणे आकडा शून्याकडे आणायचा.

शोधायचा कसा? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा आणि व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या सोयीची) नोंद बघा. आयडी १८ असेल तर तपशिलात ‘प्रोसेसर एपिक आयडी’ दिलेला असतो. ५८००एक्ससारख्या आठ कोअरच्या चिपवर ० आणि १ म्हणजे कोअर ०, २ आणि ३ म्हणजे कोअर १, असा हिशेब चालतो. समजा ७ आलाय. म्हणजे कोअर ३. त्याला उणे २५ दिलं असेल तर उणे २० करा, बाकीच्यांना हात लावू नका. बारा आणि सोळा कोअरच्या चिपवर दुसऱ्या चिपलेटचे (प्रोसेसरमधल्या दुसऱ्या छोट्या चिपचे) आयडी वेगळ्या आकड्यापासून सुरू होतात, तिथे मोजताना जपून. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एएमडीचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर ज्या दोन कोअरना सगळ्यात चांगले म्हणून खूण करतं, त्यांनाच बहुधा सगळ्यात कमी उणे आकडा झेपतो. ते आधीच काठावर धावत असतात.

तपासायला कोअरसायकलर वापरा. ते एकावेळी एकाच कोअरला लोड देतं आणि चूक झाली की कोअरचं नाव सांगतं. रात्रभर लावून ठेवा.

पीसी पडत नाही, पण स्कोअरही वाढत नाही, असंही होतं. व्होल्टेज कमी पडलं की रायझन क्रॅश होण्याआधी क्लॉक ताणून वेळ मारून नेतो. स्क्रीनवर ४.८ गिगाहर्ट्झ दिसतात आणि काम कमी होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पूर्ण लोडवर ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा. दाखवलेल्या क्लॉकपेक्षा तो बराच खाली असेल तर तुमचं अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज) फसवं आहे.

दोष भलत्याचाच

प्रोसेसर आणि रॅम एकाच दिवशी ट्यून करू नका. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग लावणारी तयार सेटिंग्ज) बंद ठेवून आधी प्रोसेसर स्थिर करा, मग रॅमकडे जा. रायझन ५००० वर डीडीआर४-३६०० म्हणजे फॅब्रिक (चिपचे भाग एकमेकांना जोडणारी वाट) १८०० मेगाहर्ट्झ. हे सहसा निभतं. त्याच्या बरंच वर ओढलंत आणि व्हीया आयडी १९ च्या नोंदी पडायला लागल्या, तर त्या व्हीकोर वाढवून जाणार नाहीत. फॅब्रिक खाली आणा.

एसओसी व्होल्टेजही (मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) ऑटोच्या भरवशावर सोडू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणं गाजली. एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड एसओसीला जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एएम५ सॉकेटचा (रायझन ७००० ज्यात बसतो तो) बोर्ड असेल आणि बायोस त्याआधीचं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते अपडेट करा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरचं दुखणं वेगळंच आहे. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे कोअरमधलं क्लॉकचं सर्किट वेळेआधी झिजतं, असं इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोस अपडेटमधून मिळणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्तीने) व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली. पण झालेली झीज त्याने भरून निघत नाही. गेम उघडताना ग्राफिक्स कार्डात भरपूर जागा असूनही ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत असेल, तर ओव्हरक्लॉक काढून सगळं मूळ सेटिंगवर तपासा. तिथेही पडत असेल तर ट्यूनिंगच्या नादी लागू नका. सुट्या बॉक्समध्ये विकत घेतलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल शोधा.

डिसेंबरात स्थिर, मे महिन्यात अस्थिर

नागपूर-चंद्रपूरकडच्यांना हे सांगायला नको. खोलीचं तापमान १५ अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं, आणि गरम चिपला त्याच फ्रीक्वेन्सीसाठी सहसा जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत अगदी काठावर आणलेलं सेटिंग उन्हाळ्यात टिकत नाही. किमान व्होल्टेज सापडलं की त्यावर १५-२० मिलिव्होल्ट शिल्लक ठेवा, किंवा एक पायरी फ्रीक्वेन्सी सोडा. मी फ्रीक्वेन्सी सोडेन.

बोर्डचंही बघा. एच६१० किंवा ए३२० चिपसेटच्या बोर्डवर मल्टिप्लायर ओव्हरक्लॉक होतच नाही, तिथे बायोसमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. बाकी स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटला) हीटसिंक नसेल तर आधी तो तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली ओढला जातो. आणि हो, घरच्या स्टॅबिलायझरचा व्हीकोरशी काही संबंध नाही. ते काम एसएमपीएस आणि व्हीआरएमचं.

एकावेळी एकच सेटिंग बदला. पीसी चालूच झाला नाही तर सीएमओएस क्लिअर करा (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा), बॅटरी काढायची पद्धत बोर्डच्या पुस्तिकेत असते. बायोस अपडेट केलं की सेटिंग्ज पुसली जातात, आणि सेव्ह केलेली प्रोफाइल्स नव्या बायोसमध्ये बरेचदा उघडत नाहीत. म्हणून अपडेट करण्याआधी एलएलसी, व्हीकोर आणि कर्व्ह ऑप्टिमायझरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.